मोठ्या चाकांची भोगी

नाथाजी सुभेदार कराडहून गाडीला नवी चाकं बसवून उंब्रजला आले, तेव्हा शालूबाई म्हशीची धार काढत होत्या. त्यांनी मान वळवून गाडीकडं पाहिलं, मग म्हशीकडं पाहिलं, आणि दोघींत आपली कोण हे ठरवून झाल्यासारख्या पुन्हा धारेला लागल्या.

"बघ तरी," नाथाजी म्हणाले.

"बघितली की."

"गाडी न्हवं. चाकं बघ."

"चाकंच न्हवं? गोल हायती."

धोतराच्या सोग्यानं नाथाजींनी पुढच्या चाकावरचा धुरळा पुसला आणि चार पावलं मागं जाऊन गाडीकडं पाहत उभे राहिले. चाकांच्या चंदेरी आऱ्यांत मावळतीचं ऊन सापडलं होतं. एवढं देखणं त्यांच्या अंगणात आजवर काही उभं राहिलं नव्हतं. शालूबाई सोडून, असं ते मनात म्हणाले. मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

गाडीची गोष्ट तशी जुनी. नाथाजी नवे शिपाई असताना एका डोंगरातल्या छावणीत ऑफिसर मेसच्या फाटकावर पहाऱ्याला उभे असत. एका संध्याकाळी तिथून एक बसकी लाल गाडी बाहेर पडली. साहेब गाडी चालवत होते, शेजारी त्यांच्या बाईसाहेब. त्यांची ओढणी वाऱ्यावर उडत होती आणि दोघं कशाला तरी हसत होती. नाथाजींनी कडक सलाम ठोकला. गाडी वळणाआड गेली, पण पुढं सगळ्या नोकरीत ती त्यांच्या डोळ्यांपुढून जातच राहिली. बर्फात गेली, वाळूत गेली. फक्त आत साहेबांच्या जागी नाथाजी असायचे, शेजारी शालू, आणि ओढणीच्या जागी तिचा हिरवा काठपदर. खरी शालू तेव्हा उंब्रजात एकटीनं ऊस, म्हशी आणि लेकीचं, पूजाचं, आजारपण सांभाळत होती. ते मात्र त्या गाडीच्या काचेतून दिसत नसे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी नाथाजींनी पुण्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार घेतली. गाव बघायला लोटलं. एवढ्या लांबलचक गाडीत दोनच माणसं बसतात हे कळल्यावर गाव हळहळत घरी गेलं. शालूबाईंची मात्र गाडीबद्दल तक्रार नव्हती. सीट पाटावर बसल्यासारखी खाली होती, पण मऊ होती. त्या कराडच्या बाजाराला नाथाजींच्या शेजारी बसून जायच्या. स्वप्न अगदी हाताशी आलं होतं. तिथंच थांबायचं, तर नाथाजी कराडच्या हरिबा टायरवाल्याकडं हवा भरायला गेले.

"सुबेदार, गाडी लय देखणी," हरिबा म्हणाला. "पर चाकं बघा की. पैलवान गड्याच्या पायात लेकराच्या चपला."

हे ऐकल्यावर नाथाजींना ती चाकं खरोखरच लेकराच्या चपलांसारखी दिसायला लागली, आणि एकदा दिसली की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

"मोठी बशिवली तर तरास काय?"

हरिबा प्रामाणिक माणूस होता. त्यानं थोडा विचार केला. "तरास न्हाई. जरा रस्ता जास्त कळतो, एवडंच."

रस्ता कळतो म्हणजे काय, ते नाथाजींना कळलं ते रविवारी, शालूबाईंना घेऊन पालीच्या खंडोबाला जाताना. चाक मोठं झालं की टायर भाकरीएवढा पातळ होतो, आणि धक्का सोसायला मध्ये जी हवेची गादी असते तीच जाते. मग वाटेवरचा प्रत्येक खडा थेट माणसाच्या मणक्याशी बोलतो. पालीला उतरल्यावर शालूबाईंनी आधी कंबर धरली, मग देवाला हात जोडले, आणि भंडारा कपाळाला लावून देवासमोरच सांगून टाकलं, "जुनी चाकं बशिवल्याबिगर मी ह्या गाडीत पाय ठिवायची न्हाई."

त्या बोलल्या तशा वागल्या. बाजाराच्या दिवशी त्या वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कराडला जायच्या, आणि वडापच्या मागं मागं नाथाजी, शेजारची सीट रिकामी घेऊन, लाल गाडीतून. वडापमधली माणसं मागच्या काचेतून चाकं बघायची आणि शालूबाई पुढं बघायच्या.

नाथाजींचा जीव दोन्हीकडं ओढत होता. जुनी चाकं बसवावीत तर गाडीची सगळी ऐट जाणार, न बसवावीत तर शालू येणार नाही. आणि शालूच नसेल तर त्या ऐटीचं करायचं काय? हे त्यांना कळत होतं. पण सकाळी अंगणात उभं राहून चाकांकडं पाहिलं की पुन्हा कळेनासं व्हायचं.

तेवढ्यात संक्रांत आली. पूजाची सासरची पहिली संक्रांत. सांगलीहून तिच्या सासूचा, तानुबाईंचा, फोन आला की भोगीला दोघांनी जेवायलाच यायचं, आणि येताना घरच्या म्हशीचं लोणी आणायचं. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा नसला तर तानुबाईंच्या लेखी ती भोगी नव्हेच. शिवाय त्या लोणी जिभेवर ठेवून डोळे मिटणाऱ्यांतल्या होत्या. लग्नाच्या जेवणात त्यांनी वरणावरचं तूप चाखून "बरं आहे" म्हटलं होतं. ते "बरं" शालूबाई अजून विसरल्या नव्हत्या.

"शालू," नाथाजी त्या सायंकाळी म्हणाले, "सांगलीपत्तूर एक डाव बस. निस्तं एक डाव. तुला न्हाई सोसलं, तर आल्या आल्या जुनी चाकं बशिवतो. फौजी शब्द हाय."

शालूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. साठी उलटलेला, मिश्या पांढऱ्या झालेला हा माणूस चुलीपाशी उकिडवा बसून आर्जव करत होता. त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाखवलं नाही.

"एक डाव," त्या म्हणाल्या. "मग त्या चाकांचं तोंड मला दिसाय नगं."

भोगीच्या सकाळी उंब्रज धुक्यात बुडालं होतं. उसाचे तुरे तेवढे वर तरंगत होते. शालूबाई हिरव्या काठपदरात ओसरीवर उभ्या होत्या, आणि फौजेतल्या सवयीनं नाथाजी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते.

"सैपाकघरातली किटली घ्या," शालूबाई म्हणाल्या.

नाथाजींनी किटली आणली, झाकण दोरीनं करकचून आवळलं, आणि डळमळू नये म्हणून शालूबाईंच्या पायांशी ठेवली.

हायवे गुळगुळीत होता. कराड मागं पडलं. धुकं विरळ होत गेलं आणि कोयनेवरून आलेला गार वारा खिडकीतून आत शिरला. नाथाजींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. शालूबाईंचा पदर उडत होता. त्यांनी तो आवरला नाही, डोळे मिटून घेतले आणि मान मागं टेकवली. नाथाजींना वाटलं, आता पुढच्या वळणावर एक फाटक येईल, तिथं एक पोरसवदा शिपाई उभा असेल आणि तो आपल्याला सलाम ठोकेल. हा रस्ता असाच, न वळता, कुठंही न पोचता चालत राहावा असं त्यांना मनापासून वाटलं.

पेठ नाक्याला चहाला थांबले, तेव्हा शालूबाईंनी सहज म्हणून दोरी सोडून झाकण उघडलं. बराच वेळ त्या आत बघत राहिल्या.

"आवं, ह्ये काय आणलंसा?"

"किटली."

"लोण्याची किटली फळीवर हुती. ही खालची. हिच्यात विरजलेली साय हाय."

नाथाजींनी आत पाहिलं. अर्ध्या किटलीत पांढरी, आंबूस साय होती. लोण्याचा पत्ता नव्हता.

"दोनी किटल्या सारक्याच हायती," ते हळूच म्हणाले.

"दोगींतली बायकू मातर वळाकली बगा लगीन करताना," शालूबाई म्हणाल्या. त्यांची धाकटी बहीण त्यांच्यासारखीच दिसायची. "आता परत फिरा."

परत फिरलं तर जेवणाची वेळ टळत होती, आणि पहिल्या भोगीला लेकीच्या घरी पानं खोळंबून राहणं बरं दिसलं नसतं. सांगलीत पोचून साय घुसळावी, तर तानुबाईंच्या समोर रवी मागायची. त्यापेक्षा कृष्णेत उडी घेतलेली बरी, असं शालूबाईंचं मत पडलं. त्यांनी झाकण लावलं, नाथाजींनी दोरी आवळली, आणि दोघं पुन्हा गाडीत बसली.

पेठ नाक्याहून सांगलीचा हमरस्ता सरळ, पण पुढं कुठंतरी उसाची ट्रॉली उलटल्यानं वाहनं अडली होती. नाथाजींनी गावागावांतून जाणारी आतली वाट धरली. ऊसवाहतुकीनं ती वाट अशी काही उखणली होती की खड्डे कुठले आणि रस्ता कुठला हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मोठ्या चाकांना एकही खड्डा आवडेना, आणि एकही चुकेना. शालूबाईंनी किटली मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळली. गाडी उडाली की त्या उडायच्या, त्या उडाल्या की किटली उडायची.

मागून एक उसाची बैलगाडी आली आणि त्यांना ओलांडून गेली. गाडीवान मोळीवरून वाकून म्हणाला, "सायेब, बंद पडलीया का? ढकलू?"

"चालू हाय," नाथाजी म्हणाले.

"आसं व्हय," तो म्हणाला आणि बैलांना म्हणाला, "चला रं, चालू हाय म्हणं त्यांची."

त्यातून नवी भानगड निघाली. गतिरोधकावर गाडी आपटली की डाव्या बाजूचं चाक वरच्या पत्र्याला घासायचं आणि कर्रर्र असा आवाज यायचा. डावी बाजू हलकी केली तर घासत नव्हतं. डाव्या बाजूला शालूबाई होत्या. मग प्रत्येक गावात गतिरोधक आला की शालूबाई किटली घेऊन उतरायच्या, गतिरोधक पायी ओलांडायच्या, आणि पलीकडं पुन्हा बसायच्या. घाईघाईनं चालताना किटलीत डुचूक डुचूक वाजायचं.

एका गावात पाराजवळ बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. नटलेली सवाष्ण, हातात किटली, दर उंचवट्याला गाडीतून उतरते आणि चालते. एकीनं पुढं येऊन शालूबाईंना हळदीकुंकू लावलं.

"कुठल्या देवाचा नवस म्हणायचा, बाई?"

"देवाचा न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या चाकांचा."

बाईनं तरीही वाकून नमस्कार केला. गाडीत नाथाजी खाली मान घालून बसले होते. जी गाडी आयुष्यभर त्यांच्या डोळ्यांपुढून वाऱ्यासारखी गेली, ती हीच का, असा त्यांना प्रश्न पडला होता. स्वप्नातल्या शालूनं एकदाही किटली घेऊन रस्ता ओलांडला नव्हता.

"शालू, चुकलंच माझं," ते म्हणाले. "उद्याच्याला जुनी चाकं. मला बी कंबर हाय."

शालूबाई तानुबाईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होत्या.

सांगलीत पोचले तेव्हा पानं मांडली होती. पूजा धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. भाकरीचा खमंग वास घरभर होता. तानुबाईंनी पाणी दिलं, खुशाली विचारली, आणि मग त्यांची नजर किटलीवर स्थिरावली.

"विहीणबाई, थांबा," शालूबाई म्हणाल्या. "आदी माझं ऐका. त्यात काय झालंय—"

पण तानुबाईंच्या हातांनी दोरी सोडलीसुद्धा होती. त्यांनी झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं. नाथाजींनी डोळे मिटले. त्यांनी गोळीबार पाहिला होता, तेव्हाही मिटले नव्हते.

"अगं बाई," तानुबाई म्हणाल्या.

त्यांनी हात घातला आणि बाहेर काढला, तेव्हा त्यांच्या तळव्यावर नारळाएवढा, ताकानं निथळणारा, पांढराशुभ्र लोण्याचा गोळा होता. त्यांनी त्यातला बोटभर जिभेवर ठेवला. डोळे मिटले. ते बराच वेळ उघडले नाहीत.

"आत्ता काढल्यासारखं ताजं आहे," त्या अखेर म्हणाल्या. "आणि मशीनचं नाही. मशीनचं मला लगेच कळतं. हातानं घुसळलंत ना?"

शालूबाईंनी गोळ्याकडं पाहिलं, मग उघड्या दारातून बाहेर उभ्या लाल गाडीच्या चाकांकडं पाहिलं. इतकं लक्ष देऊन त्यांनी ती आज पहिल्यांदाच पाहिली.

"सकाळधरनं त्येच काम चाललंय," त्या म्हणाल्या.

"हात भरून आले असतील."

"हातापरास कंबार जास्त."

"असं लोणी मी माहेरी असताना खाल्लं होतं," तानुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "तुम्ही दर पंधरवड्याला या. लेकही भेटेल. लोणी मात्र असंच हवं."

शालूबाईंच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते पाहून नाथाजींना लग्नातलं ते "बरं आहे" एकदाचं फिटलं हे कळलं. जेवताना त्यांनी कंबर चेपत चेपत तीन भाकरी खाल्ल्या.

परतताना हमरस्ता मोकळा झाला होता. ऊन उतरलं होतं आणि उसाचे तुरे चंदेरी दिसत होते.

"सकाळी पैलं हरिबाकडं जातो," नाथाजी म्हणाले. "जुनी चाकं माळ्यावरनं काडून—"

"चाकास्नी हात लावायचा न्हाई."

नाथाजींनी वळून पाहिलं. "अगं, माझी कंबर गेली."

"जाऊ द्या. शेक देती."

आता दर पंधरवड्याला भल्या सकाळी लाल गाडी उंब्रजहून निघते. हायवेवर शालूबाईंचा पदर उडतो आणि नाथाजींना थोडा वेळ ते फाटक दिसतं, तो शिपाई दिसतो. पेठ नाका आला की ते आशेनं हमरस्त्याकडं चाक वळवू बघतात.

"तिकडं कुठं?" शालूबाई मांडीवरची सायीची किटली कवटाळून म्हणतात. "आतली वाट धरा. आन् खड्डं चुकवू नगा."

मग गाडी उडते, शालूबाई उडतात, किटली उडते. कधी एखादा खड्डा फारच जोरात लागतो आणि शालूबाईंना हसू फुटतं, मग कंबर धरून नाथाजीही हसतात. साहेबांच्या गाडीतली ती दोघं कशाला हसत होती, हे नाथाजींना आजवर कधीच कळलं नव्हतं.