पाचव्या बालकाची प्रतीक्षा

मंगळवार, दि. ९ जुलै २०२४, सकाळी साडेदहा. आमच्या वाडीच्या समाजमंदिरात लसीकरणासाठी हजर बालके : चार. राष्ट्राची संपत्ती थेंबाथेंबानेच वाचवावी लागते, हे गंभीर सत्य त्या दिवशी सिद्ध झाले.

गोवराच्या लशीची पाच डोसांची कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते. उरलेली फेकावी लागते. एका बालकासाठीही ती उघडावी, अशी लेखी सूचना आहे. परंतु लेखी सूचना भिंतीवर असते आणि तोंडी सूचना साहेबांच्या आवाजात असते. तोंडी सूचना अशी : पाच बालके जमल्याशिवाय कुपी उघडू नये. (वाडीत त्या वयाची बालके चारच आहेत, हा दोष सर्वस्वी वाडीचा.)

खाचरातली भातलावणी अर्ध्यावर टाकून भागू आपल्या दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. पलीकडच्या वाडीत गोवर आल्याने तिला घाई होती. घाईने प्रशासन बिघडते.

“सिस्टर, टोचा ना आता!”

“अगं, तळेघरची वडाप जीप भरल्याबिगर सुटती का? तसंच हाय हे,” परिचारिका उज्ज्वलाताई म्हणाल्या.

“वडापवाला निदान टपावर तरी बसवतो, बाई!”

“आन् मला सायेब कुठं बसवतील?”

हा प्रश्न धोरणात्मक असल्याने ग्राम आरोग्य समितीची बैठक भरली. पलीकडच्या वाडीतून एक बालक उसने आणावे, ही सूचना तिथे गोवर असल्याने फेटाळण्यात आली. समितीच्या सदस्य बायडाबाईंचा चौथीतला नातू एका दिवसापुरता तान्हा मानावा, ही सूचना त्याला मिशी फुटण्याआधीच मांडली गेली असली तरी उशिराची ठरली. अखेर नवविवाहित अमृत यास, पाचवे बालक त्वरित उपलब्ध करून द्यावे, अशी एकमताने विनंती करण्यात आली.

“आवं अध्यक्ष, लगीन होऊन दोनच महिनं झालं. वाईच दम धरा की राव!”

“आमी धरू रं,” भागू दारातून म्हणाली, “गोवर धरील का?”

भागू समितीची सदस्य नसल्याने हे मत विचारात घेता आले नाही.

श्रावणात चारही बालकांना गोवर निघाला. भागूच्या मुलीची छाती भरली, तेव्हा रुग्णवाहिका तिला एकटीलाच घेऊन निघून गेली. (आणखी चार रुग्ण जमेपर्यंत थांबण्याची शिस्त चालकाने पाळली नाही.) मुलगी वाचली. एका कानाने तिला आता ऐकू येत नाही.

काही वाचक हळहळतील. त्यांनी कृपया स्मरावे की, आपल्या कराच्या पैशातला सरकारी माल फुकट जातो, ही तक्रार त्यांचीच होती. त्या तक्रारीचे पूर्ण निवारण झाले आहे. वाया गेलेले डोस : शून्य.