लाल पुस्तकाचं एकसष्टावं पान

दुपारचे सव्वातीन वाजले होते, चारला व्याख्यान होतं आणि डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या स्कोव्हब्रो गावच्या वाचनालयातलं सगळं नेटवर्क बंद पडलं होतं. एरवी हे इतकं लागलं नसतं. पण व्याख्याता होता गावचा नेटवर्क सल्लागार टॉर्किल ब्रून आणि विषय होता 'बंद न पडणारं नेटवर्क : माझी तीस वर्षं आणि तुम्ही वाचावीत अशी अकरा पुस्तकं'. फलक दाराशीच होता. येणारा प्रत्येक जण तो आधी वाचायचा आणि मग पुस्तक नोंदवून द्यायला तयार नसलेल्या यंत्रापुढे जाऊन उभा राहायचा.

टॉर्किल साठी ओलांडलेला गृहस्थ. हाताला गुण होता, पण हल्ली कामं शहरातल्या पोरांकडे जात होती. गावच्या डेअरीची नवी इमारत उभी राहत होती आणि तिथलं काम त्याला द्यायचं की त्या पोरांना, हे डेअरीचा मॅनेजर प्रेबेन आज व्याख्यान ऐकून ठरवणार होता. प्रेबेन आला होता. पहिल्या रांगेत बसून तो काळ्या पडद्याकडे शांतपणे बघत होता.

"टॉर्किल, हे व्याख्यानातच येतं का?" त्यानं विचारलं.

"थोडं आधी आलं," टॉर्किल म्हणाला आणि लगबगीनं मागच्या खोलीत शिरला.

तिथे वाचनालयाची प्रमुख विबेके घामाघूम होऊन उभी होती. "सकाळी तू तपासून गेलास तेव्हा ठणठणीत होतं. जेवणानंतर काय झालं कोण जाणे."

टॉर्किलनं बाहेरची लाइन तपासली. चांगली होती. सगळ्या केबल जोडलेला मुख्य डबा बंद करून चालू केला. तो मिनिटभर शहाण्यासारखा वागला आणि पुन्हा आडवा झाला. त्यावरचे दिवे मात्र वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. त्यानं लॅपटॉप जोडला, तर लॅपटॉपही गपगार. शेवटी त्यानं डोकं खाजवलं, जे त्यानं गिऱ्हाइकासमोर तीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"तुझ्या त्या लाल पुस्तकात नाही का काही?" विबेकेनं विचारलं.

लाल पुस्तक हे टॉर्किलचं ब्रह्मास्त्र. आठशे बारा पानं, यादीत पहिला नंबर. कुणी अवघड प्रश्न विचारला, की तो म्हणायचा, "लाल पुस्तकात आहे बघ." पुस्तकाची जाडी बघून माणूस पुन्हा प्रश्न विचारायचा नाही. टॉर्किलनं स्वतः ते त्रेचाळिसाव्या पानापर्यंत वाचलं होतं. पुढे एका गिऱ्हाइकावर छाप पाडायला त्यालाच देऊन टाकलं आणि परत मागायचं धाडस काही झालं नाही.

"असणारच," तो म्हणाला. "पण आत्ता नेमकं पान..."

"एकसष्ट," दारातून आवाज आला.

दारात आग्नेटे लाउरिट्सेन उभी होती. वय चौऱ्याऐंशी. सगळी हयात गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. तिच्या काखेत लाल पुस्तक होतं. "तूच सांगितलंस म्हणून इथून नेलं मंगळवारी. एकसष्टाव्या पानावर लिहिलंय, यंत्राला विचारण्याआधी माणसाला विचारा, शेवटचा हात कुणी लावला."

"मी नाही लावला," विबेके म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "म्हणजे, पाहुणे येणार म्हणून आवरलं फक्त. एक केबल लोंबत होती. एक टोक खोचलेलं, दुसरं मोकळं. बरं दिसत नव्हतं. मग दिली शेजारच्या भोकात खोचून."

"त्याच डब्यात?" आग्नेटेनं विचारलं.

"मग कुठे? जागा रिकामी होती."

टॉर्किलनं डोळे मिटले. केबलची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली, की निरोप बाहेर पडतच नाहीत, आतल्या आत गरगर फिरत बसतात. आणि ती केबल सकाळी त्यानंच तपासणीसाठी लावून तशीच सोडली होती. त्यानं टोक उपसलं. बाहेर यंत्रं एकापाठोपाठ एक टुकटुकली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चार वाजता तो उभा राहिला. विबेके खाली मान घालून बसली होती. ते बघून त्याला राहवलं नाही. "मघाशी नेटवर्क पडलं ते माझ्यामुळे," तो म्हणाला. "केबल अर्धवट सोडून मी घरी जेवायला गेलो." लोक पोट धरून हसले आणि तिथून व्याख्यान असं रंगलं, की कॉफी गार झाली.

शेवटी प्रेबेन जवळ आला. "फार वाईट नव्हतं," तो म्हणाला. जटलंडमध्ये याहून मोठी स्तुती लग्नातही करत नाहीत. "शहरातली पोरं चुकली की यंत्रावर ढकलतात. सोमवारी ये डेअरीत."

टॉर्किलला इतका आनंद झाला, की त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं : आता पुस्तक वाचायचं. तो तडक विबेकेकडे गेला. "लाल पुस्तकासाठी माझं नाव घाल."

विबेकेनं पडद्याकडे बघितलं. "आत्ताच चौदा जणांनी घातलंय. तुझा नंबर पंधरावा. महिन्याला एक धरलं, तर सव्वा वर्षानं मिळेल. पण तुला कशाला? तू तर कोळून प्यायलायस."

"उजळणी," टॉर्किल म्हणाला.

मागे आग्नेटे पुस्तक पिशवीत घालत होती. ती त्याच्या कानाशी आली. "एकसष्टावं पान ऐकताना तुझं तोंड बघितलं मी. शनिवारी कॉफीला ये. मी वाचेन, तू ऐक. केक तू आणायचास."

"कितव्या पानापासून?" त्यानं हळूच विचारलं.

"ते तू सांग."

टॉर्किलनं इकडेतिकडे बघितलं. "चव्वेचाळीस," तो म्हणाला.