रस्त्यापलीकडचे आतडे

माणूस कशाने मरणार हे तो कुठे राहतो यावर अवलंबून असते. ही गोष्ट आता शास्त्राने मान्य केली आहे आणि सरकारने रंगवूनही दाखवली आहे. आरोग्य आकडेवारी कार्यालय दरवर्षी एक नकाशा प्रसिद्ध करते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने कोणत्या विभागात किती माणसे दगावली, हे त्यात रंगांनी कळते. हिरवा म्हणजे थोडी. पिवळा म्हणजे बऱ्यापैकी. केशरी म्हणजे काळजी करावी इतकी, आणि लाल म्हणजे समिती नेमावी इतकी.

(मोठे आतडे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ते पोटातले शेवटचे कार्यालय होय. वरच्या खात्यांनी आपापला फायदा काढून घेतला की उरलेले प्रकरण इथे येते. इथे ते पडून राहते, त्यातले पाणी शोषले जाते आणि मग ते बाहेर पाठवले जाते. जगातल्या बहुतेक कार्यालयांनी हीच पद्धत उचलली आहे. फक्त आतड्याची नियमितता कोणाला साधलेली नाही.)

हा नकाशा जे गृहस्थ काढत त्यांना सगळे नकाशेसाहेब म्हणत. अत्यंत प्रामाणिक माणूस. साऱ्या नोकरीत त्यांनी एकदाही रंग रेषेबाहेर जाऊ दिला नव्हता. त्यांच्या हिरव्या रंगाची छटा पाहून एका मंत्र्यांनी, मृत्यूचा विषय असूनही डोळ्यांना बरे वाटते, असा शेरा दिला होता.

नकाशात माणसे नुसती मोजत नाहीत, दर काढतात. दर म्हणजे काय? शंभर मुलांच्या वर्गात पाच नापास झाली, तर ते चालायचेच. दहांच्या वर्गात पाच नापास झाली, तर मास्तरांना बोलावून घ्यायचे. एवढेच. तर उत्तर विभागाचा दर होता लाखामागे वीस, आणि दक्षिण विभागाचा लाखामागे चार. उत्तर लाल, दक्षिण हिरवी. दक्षिण विभागाने 'उत्तम आतडे' हा फिरता चषक सलग जिंकून इतका आपलासा केला होता की तो फिरायचे विसरला होता.

दोन्ही विभागांमधली हद्द एका रस्त्याच्या मधोमध जात होती. कोणाचे स्वयंपाकघर चिरले जाऊ नये म्हणून रेघ रस्त्यातूनच न्यायची, असा कार्यालयाचा दयाळू नियम आहे. त्यामुळे अलीकडची घरे लाल आणि पलीकडची हिरवी. रोगाला रस्ता ओलांडता येत नाही, असे कार्यालयाचे म्हणणे नव्हते. पण तो ओलांडतो असा पुरावाही कोणी सादर केलेला नव्हता.

नकाशेसाहेब अलीकडे राहत. बरोबर समोर, पलीकडे, त्यांचा मेहुणा राहत असे.

आणि इथे नकाशेसाहेबांची अडचण सुरू होते. काही महिन्यांपासून त्यांना सकाळच्या वेळी रक्त दिसत होते. पहिल्यांदा त्यांनी ते कार्यालयातल्या खुर्चीवर ढकलले. मग तिखटावर. मग वर्षअखेरीच्या कामावर. शेवटी त्यांनी बायकोला सांगितले की संडासातला दिवा फार प्रखर आहे, मंद लावू. बायकोने दिवा बदलला नाही. तिने नवऱ्याकडे नीट पाहिले.

"अहो, काय लपवताय?"

"लपवायचं काय त्यात? वीज वाचते."

"वीस वर्षांत तुम्ही कधी पंखा बंद केला नाहीत. किती दिवस चाललंय हे?"

"चाललंय असं नाही. अधूनमधून."

बायकोने त्यांना हाताला धरून अलीकडच्याच बाजूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलत. एवढे दोन दोष सोडले तर त्यांच्याविरुद्ध तक्रार नव्हती.

"दुर्बिणीतून बघून घेऊ," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"दुर्बीण कुठून घालतात?"

"तुम्हाला वाटतंय तिथूनच."

"दुसरा रस्ता नाही?"

"आहे. पण तो तोंडातून सुरू होतो आणि फार लांबचा पडतो."

नकाशेसाहेब विचार करून सांगतो म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच विचार केला. लाल भागात राहणाऱ्याला धोका लाखामागे वीस. हिरव्या भागात लाखामागे चार. म्हणजे नुसता रस्ता ओलांडला की धोका ऐंशी टक्क्यांनी कमी! इतका गुण जगातल्या कोणत्या औषधाला येतो? शिवाय रस्ता ओलांडताना कोणी आत डोकावत नाही.

"अहो, दुखणं तुमच्या पोटात आहे की रस्त्यावर?" बायको म्हणाली.

"आकडेवारीत एकेकट्याचं पोट धरत नाहीत," त्यांनी समजावले.

"मग एकेकट्याची बायको तरी धरतात का?"

यावर कार्यालयाचे निश्चित धोरण नसल्यामुळे नकाशेसाहेब उशी काखोटीला मारून पलीकडे गेले.

"या भावोजी," मेहुणा म्हणाला. "घर तुमचंच आहे. फक्त पोटाचं म्हणाल, तर संडास एकच आहे, आणि सकाळी पहिला नंबर माझा."

कार्यालयाच्या व्याख्येप्रमाणे माणूस रात्री जिथे झोपतो तो तिथला रहिवासी. त्यामुळे दिवसा आपल्या घरी वावरायला हरकत नव्हती. डोळा मात्र लागू द्यायचा नाही. रविवारी दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता मान कलली की गदागदा हलवून उठवायचे, असे त्यांनी बायकोला सांगून ठेवले होते. हे काम ती लागते त्याहून जास्त जोर लावून करत असे.

रक्त दिसायचे थांबले नाही. पण आता ते लाखामागे चारच्या भागात दिसत होते, आणि त्यामुळे साहेबांना पुष्कळ धीर आला.

अशा गोष्टी लपत नाहीत. नकाशा काढणारा माणूसच रस्ता ओलांडून झोपतो म्हटल्यावर अलीकडच्या लोकांनी जे समजायचे ते समजून घेतले. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आपली गादी घेऊन निघाले. त्यांच्यामागून शिंपी, शिंप्यामागून शिंप्याची सासू, आणि तिच्यामागून शिंपी परत अलीकडे. दिवेलागणीला साऱ्या रस्त्यावर गाद्याच गाद्या दिसू लागल्या. वाहतूक पोलिसाने त्यांच्यासाठी वेगळी शिट्टी बसवली. मेहुण्याच्या गच्चीवर अनोळखी माणसे घोरू लागली, आणि सकाळच्या नंबरावरून एकदा हातघाईवर आले.

मग अलीकडच्या नगरसेवकांनी सभा घेतली.

"आम्हीच का मरायचं?" त्यांनी विचारले. "दक्षिणेनं आपला वाटा उचललाच पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. असे काही झाले की समिती नेमतात. ती नेमली गेली, आणि तिने उत्तर विभागाचा दर खाली आणण्यासाठी पुढील तातडीचे उपाय सुचवले:

एक, लाल रंग बंद करून गुलाबी वापरावा.

दोन, जो रुग्ण अत्यवस्थ असेल त्याला वेळेवर पलीकडे हलवावे. (जाण्यायेण्याचा खर्च देय राहील. येण्याचा सहसा लागत नाही.)

तीन, ज्या वर्षी सर्वात जास्त माणसे गेली त्या वर्षापासून मोजायला सुरुवात करावी, म्हणजे कल आपोआप उतरता दिसतो.

चार, दक्षिणेकडच्या लोकांच्या चांगल्या सवयी शोधून काढून त्यांची पुस्तिका छापावी.

पहिले तीन उपाय लगेच मंजूर झाले. चौथ्यात काम करावे लागणार असल्यामुळे तो नकाशेसाहेबांकडे सोपवला.

त्यांनी ते मनापासून केले. स्वतःचा जीव त्यात अडकला होता. आपण हिरव्या भागात नुसते झोपतो. हिरव्या सवयीही लावून घेतल्या तर दर चारावरून दोनावर येईल, असा त्यांचा हिशोब होता. पण सवयी सापडेनात. पलीकडचे लोक त्याच मंडईतून तीच भाजी आणत, तितकेच कमी चालत आणि तितकेच जास्त खात. मेहुण्याच्या पथ्यात तर डोळे मिटून जेवण्यापलीकडे काहीच नव्हते. शेवटी नकाशेसाहेब दक्षिण विभागाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर वयोवृद्ध, प्रेमळ आणि सगळ्यांच्या घरचे होते. दक्षिणेतला कोणीही गेला की त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहायचे काम त्यांचे.

डॉक्टरांनी चहा मागवला.

"डॉक्टर, तुमच्याकडे हा रोग इतका कमी कसा?"

"कमी? नाहीच मुळी! चाळीस वर्षांत मी तो एकदाही लिहिलेला नाही."

"पण लाखामागे चार निघतात."

"ते दुसऱ्या गावच्या इस्पितळात जाऊन मेले. इथेच राहिले असते तर मी तेही होऊ दिलं नसतं."

"मग इथली माणसं कशानं जातात?"

"कुणी वयानं, कुणी अशक्तपणानं. माणूस मानाचा असेल तर हृदयानं. अहो, घरात दुःख असतं, सुनेच्या माहेरची मंडळी आलेली असतात. अशा वेळी कागदावर नको तो अवयव कशाला? हृदय कसं, कुणालाही शोभून दिसतं."

"आणि तपासण्या? दुर्बीण वगैरे?"

"छे! कुणी मागितली नाही, मी सुचवली नाही. चाळीस वर्षं सलोखा आहे आमच्यात." डॉक्टरांनी चष्मा सारखा करून पाहुण्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा मायेने भरून आला. "तुम्ही हल्ली आमच्याच बाजूला झोपता म्हणे. पार उतरलाय की हो चेहरा. रक्त वगैरे जातं का?"

नकाशेसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अजिबात काळजी करायची नाही. तुमचं मी हृदय लिहीन."

नकाशेसाहेबांनी आजवर पुष्कळ माणसांना रंग दिला होता, पण आपल्याला कोणी रंगवतेय हे त्यांना पहिल्यांदाच जाणवले. आपल्या हृदयामुळे दक्षिण विभाग आणखी हिरवा होईल, चषक तिथेच राहील, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी त्या छटेचे कौतुक करील. ते उठले. चहा तसाच राहिला. रस्त्यावर गादी घेऊन येणाऱ्या पोस्टमास्तरांना त्यांचा धक्का लागला, आणि "साहेब, उलट्या बाजूला कुठे?" असे पोस्टमास्तर ओरडेपर्यंत ते डॉक्टरीणबाईंच्या दारात होते.

"विचार झाला?" बाईंनी विचारले.

"झाला. पण एक सांगा. तुमचा भाग लाल का?"

"कारण आम्ही विचारतो, बघतो आणि सापडलं ते लिहितो. उशिरा आलेले वाचत नाहीत, आणि त्यांच्या दाखल्यावर आम्ही खरं कारण टाकतो, म्हणून लाल. पण तुमच्याच नकाशातला आमचा दर बघा ना, दरवर्षी थोडा उतरतोय. समितीच्या आधीपासून. लवकर सापडलेले मरत नाहीत, ते माझ्याकडे येऊन भांडतात."

तपासणीच्या आधी आतडे स्वच्छ करण्याचे एक औषध पितात. त्या दिवसाचे वर्णन इथे करता येणार नाही. एवढेच सांगतो की त्या दिवशी पहिला नंबर कोणाचा हा प्रश्नच उरला नाही. साहेब स्वतःच्या घरी होते, आणि बायको दाराबाहेर स्टूल टाकून बसली होती.

"अहो, आहात ना?"

"आहे."

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. आकडे सांगा."

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीत द्राक्षाएवढी एक गाठ दिसली. बाईंनी ती तिथल्या तिथे काढून टाकली आणि तपासायला पाठवली. ती अजून बिघडलेली नव्हती. बिघडण्याच्या बेतात होती. साहेबांची बायको दवाखान्याच्या बाकावर बसून आधी रडली आणि मग त्यांच्यावर जी ओरडली, ती दक्षिण विभागातही ऐकू गेली.

"आणखी दोन-तीन वर्षं थांबला असता," बाई म्हणाल्या, "तर नकाशात आला असता."

"कोणत्या रंगात?" साहेबांनी विचारले. सवय जात नाही.

"कुठे झोपत होता त्यावर."

बरे वाटताच नकाशेसाहेबांनी सरळ अहवाल लिहिला: दक्षिण विभाग हिरवा नाही, तिथली माहितीच नाही, सबब तो करड्या रंगात दाखवावा. यावर दक्षिणेत निषेधाची सभा झाली. चषक डोक्यावर घेऊन मोर्चा निघाला, आणि मोठे डॉक्टर अग्रभागी होते. कार्यालयाने दोन्ही बाजूंचा मान राखणारा तोडगा काढला. करडा रंग मंजूर केला, पण कोणत्याही विभागाला लावायचा नाही या अटीवर.

साहेबांनी अट पाळली. नव्या नकाशाच्या कोपऱ्यात करड्या चौकोनापुढे त्यांनी लिहिले, 'अजून तपासून घेतलेले नाही, पण आपल्याला काही झालेले नाही अशी खात्री असलेले लोक'. विभाग सगळे रंगून झाल्यावर त्यांनी तो रंग कागदाच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या कडांना लावला. वरिष्ठांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. रंग तर आहे, पण तिथे कोणी राहत नाही, म्हणून त्यांनी निश्चिंतपणे सही केली.

"इथे कोण असतं?" मेहुण्याने मात्र विचारले.

"नीट धरून बघा," नकाशेसाहेब म्हणाले.

आपणही बघा. वाचायचा कागद माणूस दोन्ही हातांनी धरतो. तो करडा भाग म्हणजे वाचणाऱ्याचे अंगठे येतात तेवढी जागा.