आगे यातायात बंद

त्या दिवशी मी ठरवलं, मोटरीत बसल्यापासून उतरेपर्यंत 'जपून' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. चुकलं ते इथेच.

झालं असं, की आमचा बंडू दोन दिवस उजवा कान ओढून ओढून रडत होता. वय दहा महिने, आवाज कीर्तनकाराचा. छावणीतल्या डॉक्टर यशोधराबाईंनी सकाळची वेळ दिली होती. मग त्या उज्जैनला जाणार, त्या थेट सोमवारी परतणार. तोवर पोराचा कान कायमचा गेला तर? (त्याच्याशी खुणांनी बोलायची तयारीही मी मनातल्या मनात केली होती.) आणि बाहेर सारं इंदूर पाण्यात.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाऊस थांबू दे."

हे म्हणाले, "तू सारखी घाबरतेस, म्हणून पोरगंही घाबरतं."

झालं! मी शूर झाले.

आमची मोटर सेकंडहँड. पावसात थर्डहँड होते. काच पुसणारा दांडा एकदा डावीकडे जातो आणि तिथेच मुक्काम करतो. त्यात यांच्या चष्म्यावर वाफ. तेव्हा चालवायचं यांनी आणि बघायचं मी, असा कारभार. खड्डा दिसला की मी "आहे" म्हणायची. गाडी त्यातून गेली की हे "होता" म्हणायचे.

नदीवरच्या बुटक्या पुलापाशी आलो. रस्ता पाण्यात शिरला होता आणि पलीकडे वर निघाला होता. मधला काही दिसत नव्हता. कडेला पिंपाला टेकवलेली लाल अक्षरांची पाटी.

"काय लिहिलंय गं?" यांनी विचारलं.

लिहिलं होतं, 'आगे यातायात बंद'.

आता माझं माहेर वाईचं. आमच्याकडे यातायात म्हणजे दगदग, त्रास, जिवाचा आटापिटा. इंदुरात येऊन मला दोनच वर्षं झालेली, पण 'आगे' आणि 'बंद' एवढी हिंदी येत होती. अर्थ स्वच्छ होता. मला तर भरूनच आलं. संस्थान जाऊन मध्यभारत झाल्यापासून सरकार जनतेशी इतक्या मायेनं पहिल्यांदाच बोलत होतं.

"पुढे त्रास नाही म्हणतायत," मी म्हटलं.

"कोण, सरकार?"

"लेखी!"

"पाणी बरंच दिसतंय पण..."

"चला हो! घाबरता काय?"

(हे वाक्य मला जन्मात एकदाच म्हणायला मिळालं.)

गाडी उतरली. आधी पाय गार झाले, मग बसायची जागा गार झाली, मग इंजिनाने एक उचकी दिली आणि ते गप्प झालं. बंडू सुरू झाला.

पलीकडच्या चहाच्या हॉटेलातून आवाज आला, "क्यों भिया, मोटर को तैरना सिखा रिये हो?"

एक पोलीस शिट्टी वाजवत कमरेएवढ्या पाण्यातून आला. (उदयसिंह हे नाव नंतर चहावर कळलं.)

"बाईजी, बोर्ड नहीं पढा?"

"पढा ना! म्हणून तर आलो!"

"पढना आता है?"

"बी. ए. हूँ मैं!" मी ताठ बसून म्हटलं. (पाणी मांडीला लागलं होतं; वाकून बसायची सोयच नव्हती.)

"तभी," उदयसिंह म्हणाला. "अरे बाईजी, यातायात मतलब आना-जाना! गाडी-घोडा!"

यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, घातला आणि मग माझ्याकडे पाहिलं. न पुसता पाहिलं असतं तर चाललं असतं.

उदयसिंहने बंडूला खांद्यावर घेतलं. मागून आम्ही, चपला हातात घेऊन. पलीकडे पोचलो तर हॉटेलच्या बाकावर कोण? डॉक्टर यशोधराबाई! आमची वाट बघून बघून उज्जैनला निघालेल्या, या काठावरची तशीच पाटी वाचून थांबलेल्या. (त्यांना अर्थ कळला होता. सायन्सच्या ना!)

तिथेच त्यांनी बॅटरी लावून बंडूचे दोन्ही कान पाहिले.

"कान उत्तम आहेत. दात येतोय."

"मग कान का ओढतो हो?"

"हाताला लागेल ते ओढतात या वयात. घ्या त्याला जवळ."

मी घेतलं. बंडूने रडं थांबवलं, मला नीट न्याहाळलं आणि ओल्या मुठीत माझा कान धरून असा पिळला, की मी किंचाळलेच.

अख्ख्या हॉटेलने टाळ्या वाजवल्या.

"हाँ बेटा," उदयसिंह शिट्टीतलं पाणी झटकत म्हणाला, "अब सई कान पकडा."