रविवार, संध्याकाळी सहा

मे महिन्यातली आमच्या मंडळाची पिकनिक. बावीस डिग्री! सहा महिने बर्फ शोव्हल करून कंबर मोडलेली कॅनडातल्या व्हिटबीतली झाडून सगळी मराठी माणसं अर्ध्या चड्डीत तळ्याकाठी कणसं भाजत होती. आणि आमचे शेजारी बोरकर गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत नारिंगी वॉटरप्रूफ सूट चढवून, घामानं निथळत, हातात कांदाभज्यांची प्लेट घेऊन उभे होते.

"अहो, उकडून मराल. काढा ते," मी म्हटलं.

"हवा काय पाहून राहिल्या, वहिनी? पाणी पाहा. पाणी सहा डिग्री आहे. पडलं की दहा मिनिटांत हात चालत नाहीत."

"पण तुम्ही पाण्यात कुठे आहात? तुम्ही भज्यांपाशी आहात."

"जेवण झाल्यावर जाणार आहो ना," बोरकर म्हणाले आणि आणखी दोन भजी घेतली.

बोरकर नागपूरचे. आयुष्याची पहिली तीस वर्षं त्यांनी समुद्र फक्त नकाशात पाहिला, आणि कॅनडात येऊन काय घेतलं, तर सी कयाक. पाच मीटर लांब, पिवळी, निमुळती होडी. माणूस कमरेपर्यंत आत आणि वरून रबरी झाकण. उलटली तर बाहेर यायचं नाही, आतल्या आत वल्ह्याचा फटका मारून सरळ व्हायचं, असं त्यांचं शास्त्र. हे सरळ होणं ते सगळा हिवाळा गावच्या स्विमिंग पूलमध्ये प्रॅक्टिस करायचे. आठवडाभर वॉनच्या एका वेअरहाउसचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि शुक्रवारी होडी गाडीच्या टपावर बांधून जॉर्जियन बे गाठायची, म्हणजे एका अवाढव्य तळ्याचा फाटा. मे ते ऑक्टोबर हाच क्रम.

"तळ्यात फिरायला समुद्राची होडी कशाला हो?" म्हणून आम्ही खूप हसायचो.

"तळं नका म्हणू. इथं जहाजं बुडली आहेत," ते गंभीरपणे सांगायचे. मग आम्ही जास्तच हसायचो. मंडळात कुणाची खेचायची झाली की बोरकर हाताशी असायचेच. बायको वेगळी झालेली, मुलगी कॅलगरीत शिकायला, म्हणजे उलट बोलायला घरचं कुणी नाही. फार सोयीचा माणूस.

एकदा माझा नवरा मिलिंद हौसेनं त्यांच्याबरोबर गेला. चौथ्या मिनिटाला पाण्यात पडला आणि पुढचे दोन तास काठावर ब्लँकेटात बसून बोरकरांच्या हातचा चहा पीत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "माणूस चांगला आहे गं, पण बोलायचा थांबत नाही."

पुढच्या वर्षी मेमध्ये बोरकर आमच्या दारात आले. हातात प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कागद.

"वहिनी, एक काम होतं. हा फ्लोट प्लॅन. काठावरच्या एका माणसापाशी ठेवाच लागते."

होडी कुठून पाण्यात घालणार, कुठल्या बेटांवर मुक्काम, होडीचा रंग, गाडीचा नंबर, किती दिवसांचं जेवण, सगळं टाइप केलेलं. खाली ठळक अक्षरांत: रविवार, संध्याकाळी सहाला फोन करीन. नऊपर्यंत आला नाही तर या नंबरवर बचाव पथकाला कळवा.

"इतके दिवस मुलीकडे द्यायचो," ते म्हणाले. "आता ती म्हणते, डॅड, इट्स टू मच स्ट्रेस. बरोबर आहे तिचं. परीक्षा असतात."

शेजाऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालायला हो म्हणावं तसं मी हो म्हटलं आणि कागद फ्रिजवर लावला.

बोरकरांचा फोन रविवारी सहाच्या ठोक्याला यायचा. "आलो, वहिनी!" इथपर्यंत ठीक होतं. पण मग वारा कुठून फिरला, लाट किती उंच होती, खडकावर बसून पोहे कसे भिजवले, दोन पक्षी एकमेकांना कसे हाका मारत होते... माझा वरणाचा कुकर, उद्याचे डबे, लेकीचा प्रोजेक्ट, कुणाला वेळ आहे हो पक्ष्यांना? तिसऱ्या रविवारपासून मी फोन आन्सरिंग मशीनवर जाऊ द्यायला लागले. मशीन नेमानं सांगायचं, "बोरकर बोलतो. सुखरूप आहो." कधी ऐकायचे, कधी न ऐकताच पुसून टाकायचे. दर वेळी ते नवा कागद आणून द्यायचे, मी जुन्याच्या जागी लावायचे. वाचत कोण होतं?

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही मिसिसागाला एका वाढदिवसाला गेलो होतो. रात्री आलो, झोपलो. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दूध घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि कागद दिसला. रविवार, संध्याकाळी सहा. मशीनवर एकही निरोप नव्हता.

कागदावरचा बचाव पथकाचा नंबर लावला. पलीकडच्या माणसाला मी इंग्रजीत होडीचा रंग सांगितला, बेटांची नावं सांगितली, पोह्यांच्या पुड्यासुद्धा सांगितल्या. तो लिहून घेत होता. मग त्यानं विचारलं, "ते कधी परतणार होते?"

"काल. सहाला."

"काल, मॅम?" तो म्हणाला. मग अगदी नम्रपणे विचारलं, "त्यांची गाडी घरी आहे का, ते पाहिलंत का?"

मी खिडकीपाशी गेले. शेजारच्या ड्राइव्हवेत गाडी उभी होती, टपावर पिवळी होडी. सकाळी मी तिच्या शेजारूनच माझी गाडी काढली होती. त्या माणसाची माफी मागितली, फोन ठेवला आणि तरातरा जाऊन बोरकरांची बेल दाबली.

दार उघडलं. अंगात बनियन, हातात खिचडीचं भांडं.

"कधी आलात?"

"काल. चारला."

"मग फोन का नाही केलात? जीव जायची वेळ आली होती माझी!"

"म्हटलं, यावेळी आपण नाही करायचा," ते शांतपणे म्हणाले. "पाहू, तुमचा येते का. नऊपर्यंत फोनपाशीच होतो. मग म्हटलं, वहिनी बाहेर असतील. दहाला तुमची गाडी आली, दिवे लागले. म्हटलं, आता येईल." आणि भांड्यात चमचा फिरवत म्हणाले, "खिचडी घेता काय थोडी?"

मी काय करायला हवं होतं? माफी मागायला हवी होती. मी भांडले. माणसांची अशी परीक्षा घेतात का, आम्हाला काय तुमच्यासारखा रिकामा वेळ आहे का, तोंडाला येईल ते बोलले. बोरकर मान हलवत राहिले. "बरोबर आहे तुमचं, वहिनी," म्हणाले, मुलीबद्दल म्हणाले होते तसंच. घरी येऊन मिलिंदला सांगितलं. "वेडा आहे तो," मिलिंद म्हणाला. दोन दिवस मलाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवसापासून वाटेना. दहाला दिवे लागलेले पाहून तो माणूस फोनकडे बघत बसला असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

नंतर दोन शुक्रवार बोरकर गेले, आले. कागद आला नाही. तिसऱ्या शुक्रवारी मीच वड्यांचा डबा घेऊन बाहेर गेले. ते होडीचे पट्टे आवळत होते.

"कागद नाही दिलात?"

"आता नाही लागत, वहिनी. मशीन घेतली." त्यांनी खिशातून तळहाताएवढं नारिंगी यंत्र काढलं. "संकटात असलो तर हे बटन, थेट बचाव पथकाला जाते. आणि हे दुसरं रोज संध्याकाळी दाबायचं. 'मी ठीक आहे' असा ईमेल जाते. उपग्रहावरून!"

"कोणाला जातो?"

"एक पत्ता टाकावाच लागते त्यात. माझाच टाकला." ते खुशीत होते. "घरी आलो की उघडून पाहतो. मागच्या खेपेला दोन आले होते."

"माझा टाका ना," मी म्हटलं.

त्यांनी शेवटचा पट्टा ओढला, गाठ तपासली, डबा दोन्ही हातांनी घेतला.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "तुम्हाला कुठे वेळ असते."

टोमणा असता तर मी परत भांडले असते. टोमणा नव्हता.