चारशे तीनचा कचरा कमी पडतो

कोलशेतच्या हरितधाम हाइट्समधली सदनिका क्रमांक चारशे तीन ओला कचरा देण्यात सातत्याने कुचराई करते, ही गंभीर बाब ओला कचरा उपसमितीच्या नजरेस श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात आली. सोसायटीने नुकतंच खताचं यंत्र बसवलं होतं. ते रोज सत्तर किलो कचरा खातं, असं उद्घाटनाच्या अहवालात छापून गेलं होतं, आणि तो अहवाल 'आदर्श सोसायटी' पुरस्कारासाठी वर पोचलाही होता. घरं एकशे चाळीस, म्हणजे दर घरी अर्धा किलो. कचरा आधी होतो आणि यंत्र त्यासाठी आणतात, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चारशे तीन तुळसाबाईंची. आज जिथे सोसायटीचं पार्किंग आहे, तिथे त्यांच्या सासऱ्यांची वाडी होती. बिल्डरने बदल्यात दोन फ्लॅट दिले. वांगी, काकडी, पडवळ लावण्यात हयात गेलेल्या बाईचे हात चौथ्या मजल्यावर नुसते शिवशिवायचे. मग त्या कांदापातीचे बुडखे पाण्यात ठेवत, पुदिन्याच्या काड्या रुजवत, मोड आलेला लसूण श्रीखंडाच्या डब्यात खोचत. दुधीच्या सालीची चटणी होई. उरे तो चहाचा चोथा आणि केळ्याची सालं, सगळं मिळून रोज ऐंशी ग्रॅम. गॅलरीतले ते सहा डबे ही त्यांची उरलीसुरली शेती होती आणि त्यांचा सगळा जीव त्यात होता.

पहिली नोटीस सून कल्पिताने वाचून दाखवली. आपल्या घरी पुरेसा कचरा निर्माण होत नसल्यास त्याची कारणं सात दिवसांत लेखी कळवावीत, असं तीत होतं. कल्पिताने जे खरं होतं ते लिहून दिलं. इथेच घोडं पेंड खातं. नोटिशीला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे नव्या पिढीला कोण शिकवणार?

मग उपसमिती पाहणीला आली. सचिव शौनकच्या हातात वजनकाटा, अध्यक्ष रसिकाच्या हातात फोन. सहा डब्यांपुढे अर्धा तास खल झाला आणि निष्कर्ष निघाला. बुडख्याला कोंब फुटेपर्यंत तो दडवलेला कचरा आहे. कोंब फुटला की ती शेती होते, आणि निवासी इमारतीत शेती करायला उपविधीत मुभा नाही. या दोन्हींच्या मधली एखादी अवस्था असते का, असं कल्पिताने विचारलं. त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, असं शौनकने सांगितलं.

"काकी, पर्सनली घेऊ नका," तो म्हणाला. "मला तर तुमचं हे गार्डन मस्त वाटतं. पण आज तुम्हाला सोडलं, तर उद्या सगळेच कचरा वापरायला लागतील. मग मशीनचं काय?"

"तुमी गाडी लावता ना बाबा, तिथं माझी वांगी होती," तुळसाबाई म्हणाल्या. "ती काढली तवा मना कुनी नोटीस नाय दिली."

इतिवृत्तात हे 'विषयांतर' या शीर्षकाखाली नोंदवलं गेलं.

डबेही राहावेत आणि कोटाही भरावा, म्हणून तुळसाबाईंनी तोड काढली. रोज सकाळी पालकाच्या ताज्या जुड्या आणायच्या आणि तशाच हिरव्या बादलीत टाकायच्या. वजन बरोबर भरू लागलं, शौनक खूश झाला. चार दिवस त्यांनी हे केलं. पाचव्या दिवशी जुडी हातातून सुटेना. खायची भाजी फेकून बुडखे राखायचे, ही कुठली रीत, असं त्या सुनेला म्हणाल्या आणि सहाही डबे खाली नेऊन यंत्राच्या तोंडात रिकामे करून आल्या. मातीसकट तीन किलो दोनशे ग्रॅम भरलं. संध्याकाळी ग्रुपवर चारशे तीनला 'महिन्याची आदर्श सदनिका' घोषित करण्यात आलं आणि एकशे बारा अंगठे उठले. तुळसाबाई मोकळ्या गॅलरीत बसून रडल्या.

आता पुरस्काराची नववी अट राहिली होती, घरोघरी हिरवाई. त्यासाठी रसिकाने रविवारी क्लबहाउसमध्ये 'टाकाऊतून टवटवीत' ही कार्यशाळा ठेवली. स्वयंपाकघरातल्या बुडख्यांपासून घरीच भाजी कशी उगवावी, हा विषय. अडचण एकच होती. सोसायटीत बुडखा शिल्लक नव्हता. सगळे नियमाप्रमाणे यंत्रात गेले होते. उपसमितीने तातडीचा ठराव करून ॲपवरून कांदापातीच्या साठ ताज्या जुड्या मागवल्या. बुडखे कार्यशाळेला गेले, पात यंत्राला गेली. परीक्षक आले, त्यांनी तुडुंब यंत्र पाहिलं, साठ हिरवे पेले पाहिले, आणि असा समतोल आपण अन्यत्र पाहिला नसल्याचा शेरा मारला.

पेल्यांत पाणी घालायला तुळसाबाईंना बोलावलं होतं, आदर्श सदनिका म्हणून. सहाव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली पायल त्यांच्याशी फार आपुलकीने बोलली.

"काकी, तुम्ही कधी ट्राय केलंय हे? एकदम इझी आहे. तुम्हालापण जमेल."

तुळसाबाईंनी तिच्या पेल्याकडे पाहिलं. हौसेने तिने तो काठोकाठ भरून घेतला होता. दोन दिवसांत बुडखा कुजला असता.

"नाय गो," त्या म्हणाल्या, "मना कुठं येतं." आणि तिची पाठ वळल्यावर त्यांनी त्यातलं निम्मं पाणी हळूच ओतून टाकलं.

साठही जणांनी आपापल्या पेल्याचा फोटो काढला, खाली 'आजच करून बघणार' असं लिहिलं, आणि जाताना पेले टेबलावर ठेवून गेले. तसा एखादा फोटो तुमच्याही फोनमध्ये असेल, सवडीने करू म्हणून जपून ठेवलेला. मुळीच ओशाळू नका. तुमच्या घरचे बुडखे रोजच्या रोज कचऱ्यात जातात याची उपसमितीने नोंद घेतली आहे, आणि तुमच्याविषयी तिची काहीही तक्रार नाही.