मौनीबाईंनी मातीचा पंडित पदरी पाडिला, ती हकीकत

समस्त सुज्ञ वाचकांस या कलमबहाद्दराचा मुजरा. तोफांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ होऊन गेले आणि त्यांनी हत्ती, घोडे, निशाणे यांचे वर्णन यथास्थित केले. परंतु चहाच्या टेबलापाशी परक्या माणसासमोर उभे राहोन ‘नमस्कार, आपण काय करता?’ इतके उच्चारावयास जे काळीज लागते, त्याची नोंद कोणत्याही दप्तरी आढळत नाही. ती उणीव भरून निघावी, सबब हा मजकूर फारसा न वाढविता लिहिला असे.

मौनीबाई म्हणोन पुलांचे आराखडे करणाऱ्या एक इंजिनिअर होत्या. नाव निराळे होते, परंतु कचेरीत हेच रूढ जाहले. लोखंड किती ताण सोसेल हे त्या झोपेतून उठवोन विचारिले तरी सांगत. मात्र लिफ्टमध्ये ओळखीचा कोणी उभा दिसला तर दोन शब्द बोलावे लागतील या धास्तीने सहा मजले जिन्याने चढत. ऐशा बाई एका स्वयंसेवी मंडळीत सामील होत्या. ती मंडळी सुट्टीच्या दिवशी जमोन, परमुलखी जेथे पूल, पाणी, रस्ता यांची वाण, तेथील कामे विनावेतन करून देई.

त्या समयी समुद्रापलीकडील एका डोंगरी गावाचा पूल हाती घेतला होता. नदीच्या एका अंगास घरे, दुसऱ्या अंगास शाळा व दवाखाना. जुना लाकडी साकव पुरात वाहोन गेला आणि मग रयत दोराला टांगलेल्या पिंपात बसोन ये-जा करू लागली. गावच्या मास्तरीणबाई रोज त्याच पिंपातून शाळा गाठीत. गेल्या पुराच्या दिवसांत दोर घसरला, बाई पाण्यात पडल्या, आणि झाडाच्या मुळीस धरोन कशाबशा वाचल्या. ही खबर कानी आल्यापासोन मौनीबाईंस अन्न गोड लागेना.

लोखंडी तारांवर टांगावयाच्या पुलाचा आराखडा सिद्ध होता. परंतु मंडळीचा कायदा ऐसा कीं, मातीच्या जाणकाराने काठ पारखोन सही केल्याखेरीज एक दगड रचावयाचा नाही. आणि मंडळीतील जाणकार तो परगावी बदलोन गेलेला. पुढील पुरापूर्वी पाया भरला नाही तर आणखी एक वर्ष पिंप. तेव्हा मंडळीच्या प्रमुखांनी सर्वांस जमा करोन फर्माविले कीं, शहरात अभियंत्यांचे मोठे संमेलन भरत आहे, तेथे जाऊन ओळखी जोडाव्या आणि मातीवाला वश करोन आणावा. हे ऐकताच एकाची दाढ ठणकू लागली, दुसऱ्यास साडूच्या घरचे लग्न आठवले, तिसरा जमीन न्याहाळू लागला. मौनीबाईंनी नकार द्यावयासही तोंड उघडिले नाही, सबब तोच होकार समजोन विडा त्यांचे हाती आला.

घरी नणंदबाई होत्या, त्यांची कीर्ति काय वर्णावी? बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या तर पुढच्याचे व्याही आणि मागच्याचे गुडघे यांची समग्र खबर घेऊनच बाहेर पडत. त्यांनी भावजय आरशापुढे पुटपुटताना पाहिली आणि कवाईत आपल्या हाती घेतली.

“वहिनी, आरशाशी काय बोलताय? माझ्याशी बोला. समजा मी परकी. हं, करा सुरुवात.”

“नमस्कार.”

“पुढे?”

“पुढे तुम्ही बोला ना.”

“अहो, माणूस आहे तो, वाघ नाही! त्याला त्याच्या कामाचं विचारायचं. एकदा स्वतःबद्दल बोलायला लागला की तुम्ही नुसतं ‘हो का?’ म्हणत राहायचं. माझं निम्मं आयुष्य ‘हो का’वर निभावलंय.”

येणेप्रमाणे ‘हो का’ हे एकच हत्यार परजोन मौनीबाई मोहिमेस निघाल्या.

संमेलनाचा दिवाणखाना म्हणजे प्रतिदरबार. झुंबरे, गालिचे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला नावाची पाटी. परंतु त्या पाट्या हटकोन उलट्या फिरलेल्या, सबब कोण कोणत्या हुद्द्याचा ते ब्रह्मदेवासही कळेना. सरदार मंडळी गोल करोन, पाठी बाहेर काढोन, किल्ल्याच्या तटासारखी उभी. मौनीबाईंनी चहाचा पेला घेऊन एका गोलास वेढा दिला, दोन प्रदक्षिणा केल्या, कोणी वाट देईना. मग जणू बिस्किटासाठीच आलो होतो ऐसे दाखवोन माघार घेतली.

इतक्यात एक हसतमुख गृहस्थ आपण होऊन चालोन आले. बाईंस वाटले, दैव उघडले.

“नमस्कार, आपण काय करता?”

गृहस्थ बोलू लागले. बाई ‘हो का?’ म्हणाल्या. गृहस्थांस हुरूप आला. बाई पुन्हा ‘हो का?’ म्हणाल्या. तिसऱ्या ‘हो का’ला गृहस्थांनी बॅगेतून रंगीत कागद काढिले आणि विचारिले, “मग पॉलिसी दोघांच्या नावाने करायची ना? यजमानांचं वय काय म्हणालात?”

तो विमेवाला निघाला. आपलेच हत्यार आपल्यावर उलटले ऐसे पाहोन मौनीबाईंचे अवसान गळाले आणि त्या मागील दाराने जिन्याकडे पळाल्या.

जिन्याच्या पायरीवर एक पिकल्या केसांचे गृहस्थ बशीभर बिस्किटे मांडीवर घेऊन बसले होते. गळ्यातील पाटी त्यांनी खिशात कोंबली होती.

“तुम्हीही पळालात?” ते म्हणाले.

“हो.”

“बसा. इथे कोणी येत नाही.”

बाई बसल्या. उभयतांत बराच काळ एक अक्षर जाहले नाही, आणि त्या दिवसात बाईंस प्रथमच बरे वाटले. मग त्यांनी मोबाइल काढोन परमुलखीच्या नदीची छायाचित्रे पाहिली, आणि आता मास्तरीणबाईंस कोणत्या तोंडाने कळवावे या विचाराने डोळे भरोन आले. गृहस्थांची नजर तिकडे गेली आणि ते चटकन पुढे झुकले.

“थांबा. मागचा फोटो दाखवा. ती डाव्या काठावरची भेग... वरची माती नदीकडे झुकलीय का?”

“हो. आणि तिथली झाडंही तिरकी आहेत.”

“मग हा काठ चालतोय.”

“चालतोय म्हणजे?”

“दरवर्षी थोडा थोडा नदीकडे सरकतोय. त्यावर पूल टेकवलात तर पूलही चालायला लागेल.”

हे ऐकोन मौनीबाईंच्या जिभेचे कुलूप निखळले. पाया, तारा, पुराची रेघ, पिंप, मास्तरीण, झाडाची मुळी, सर्व हकीकत त्यांनी एका दमात निवेदन केली. इतक्यात आतून कर्ण्यावर पुकारा जाहला कीं, आजचे प्रमुख वक्ते, मातीशास्त्राचे थोर पंडित, जेथे असतील तेथोन तातडीने व्यासपीठावर यावे. गृहस्थांनी पाय आणखी जवळ ओढोन घेतले आणि बिस्किट चावायचे थांबविले. तेव्हा बाईंस उलगडा जाहला.

“सर, तुम्ही आमच्या मंडळीत याल?”

“मला माणसं जमत नाहीत हो. मीटिंगा नकोत, फोन नको.”

“आमच्यातही कोणी धड बोलत नाही. लिहून पाठवलंत तरी चालेल.”

पंडितांनी अंमळ विचार केला. मग तेथेच, पायरीवर, तह ठरला: फोन करू नये, शाल पांघरू नये, माइक हाती देऊ नये, त्या बदल्यात पंडितांनी माती पारखावी, आणि त्यांचे दोन जुने शिष्य, एक तारांचा जाणकार व एक पुराच्या पाण्याचा, यांसही कुमकेस पाठवावे. तह होताच पंडित सुळावर चढावयास निघाल्याप्रमाणे उठोन व्यासपीठाकडे गेले.

परंतु संकट सरले नव्हते. पुलाचा डावा पाय आता वरच्या अंगास, पक्क्या खडकावर सरकवावा लागणार. आणि ती जागा गावच्या एका फळबागवाल्याची. मौनीबाईंनी, कधी नव्हे त्या, आपण होऊन मास्तरीणबाईंस फोन केला. उभयतांची बोली निराळी, सबब तिसऱ्याच भाषेत ठेचकाळत बोलणे जाहले, त्याचा तर्जुमा येणेप्रमाणे:

“तो बागवाला? त्याच्या शेळ्यांनी शाळेची बाग खाल्ली, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही.”

“मग बोलू नका. नुसत्या जाऊन त्याच्या ओट्यावर बसा. तोच काहीतरी बोलेल.”

मास्तरीणबाई गेल्या. पहिल्या दिवशी बागवाल्याने पाठ फिरविली, दुसऱ्या दिवशी पाणी पुढे केले, आणि पुढे एकदा आपणच म्हणाला कीं, तुम्ही नदीत पडलात त्या दिवशी मी दोर टाकायला धावत आलो होतो, पण पोहोचेतो तुम्ही वर आला होता. हे बाईंस ठाऊक नव्हते. त्याने जागा दिली, वर दोन माणसांची मेहनतही दिली. शेळ्यांचा विषय उभय पक्षी तहकूब राहिला.

मग पंडितांची सही आली, शिष्यांची कुमक आली, ओळखीतून ओळख निघाली, आणि पूर येण्यापूर्वी पूल उभा राहिला. मौनीबाई खासा त्या मुलखी हजर होत्या. सारा गाव दोन्ही काठी लोटला. मास्तरीणबाई प्रथम निघाल्या, मध्यावर थांबल्या, आणि पुलाची परीक्षा म्हणोन दोन उड्या मारिल्या. मौनीबाईंनी डोळे गच्च मिटले; हिशेब सर्व पाठ होता, तरी मिटले. पूल हलला, डुलला, स्थिर जाहला. मग मास्तरीणबाई शाळेच्या काठास पोहोचल्या आणि वळोन खणखणीत आवाजात पुकारा केला कीं, उद्यापासोन शाळा वेळेवर भरेल आणि नदीची सबब चालणार नाही.

ऐसी ही मोहीम सर्वांगे फत्ते जाहली. नदी नमली, काठ ओळखला गेला, बोलणे टाळणाऱ्या मंडळींनी दोन मुलुख जोडिले. या संग्रामात पराभव पावले ते एकटे विद्यार्थी. त्यांचा आक्रोश नदीच्या दोन्ही तीरांवर स्पष्ट ऐकू आला, ऐसे खात्रीलायक वर्तमान आहे.